बेरोजगारी भत्ता नाकारला? अपिलाच्या सुनावणीची तयारी अशी करा

काही महिन्यांपूर्वी आम्हाला अमेरिकेतून एका ताईंचा फोन आला. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या गोदामात त्या पॅकिंगचे काम करत होत्या. वारंवार उशिरा येतात असे कारण देऊन मालकाने त्यांना काढून टाकले. बेरोजगारी विम्यासाठी अर्ज केला, तर सरकारी खात्याचे पत्र आले की तुम्ही पात्र नाही. घरभाडे थकले होते. ताई म्हणाल्या, "दादा, सरकारनेच नाही म्हटल्यावर आता काय करायचे? कोर्टात जायचे तर वकिलाला द्यायला पैसे कुठे आहेत?"

पत्र हातात पडून तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि अपिलाची मुदत संपायला आठ दिवस उरले होते.

असे फोन आता अधूनमधून येतात. कधी अमेरिकेतून थेट येतात, कधी नागपूर, पुणे किंवा मुंबईत बसलेला भाऊ बहिणीचे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवतो. सगळ्यांचा समज एकच असतो. साहेबाचा नकार आला म्हणजे विषय संपला. आपल्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या कचेरीच्या दारातून "नाही" ऐकून परत फिरल्या आहेत, त्यामुळे हा समज लवकर जात नाही. पण बेरोजगारी विम्याच्या बाबतीत ते पहिले पत्र म्हणजे केवळ एका अधिकाऱ्याने कागद पाहून आणि फोनवर दोन-चार प्रश्न विचारून काढलेला निष्कर्ष असतो. तुमचे म्हणणे शपथेवर ऐकून घेणारी पहिली जागा म्हणजे अपिलाची सुनावणी. ती मागणे हा हक्क आहे आणि तिची तयारी सामान्य माणसाला वकिलाशिवाय करता येते. ती कशी करायची, ते या लेखात एकत्र मांडत आहोत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. आम्ही कॅलिफोर्नियाचे नियम धरून लिहीत आहोत. इतर राज्यांत तयारीची पद्धत बरीचशी हीच, पण मुदती वेगळ्या असतात.

हा पैसा दान नाही, विमा आहे

१९३२ साली विस्कॉन्सिन राज्याने अमेरिकेतला पहिला बेरोजगारी विमा कायदा केला. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही व्यवस्था देशभर नेली. त्याच कायद्यात राज्यांवर एक अट घातली आहे. ज्याचा दावा नाकारला जाईल त्याला निःपक्ष यंत्रणेपुढे न्याय्य सुनावणी मिळालीच पाहिजे. म्हणजे सुनावणी ही कोणा अधिकाऱ्याची मेहेरबानी नाही, ती कायद्यातच आहे.

कॅलिफोर्नियात या विम्याचा कर मालक भरतो. भत्ता आठवड्याला ४० ते ४५० डॉलर असतो आणि जास्तीत जास्त २६ आठवडे मिळू शकतो. ज्या मालकाच्या कामगारांना जास्त भत्ता मिळतो, त्याच्या कराचा दर वाढू शकतो. म्हणून अनेक मालक दाव्याला हरकत घेतात. मोठ्या कंपन्या तर हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. हरकत आली म्हणजे मालक तुमच्यावर वैयक्तिक राग धरून बसला आहे असे नाही. त्यामागे हिशेब असतो, आणि हिशेबाला उत्तर कागदाने द्यायचे असते, संतापाने नाही.

एक सावधगिरीची सूचना. भत्ता मिळण्यासाठी माणूस काम करायला सक्षम आणि उपलब्ध असावा लागतो, आणि त्याच्याकडे काम करण्याची कायदेशीर परवानगी असावी लागते. ग्रीन कार्ड किंवा कोणत्याही मालकाकडे काम करण्याची परवानगी असलेल्यांना सहसा ही अडचण येत नाही. एच-१बी व्हिसा मात्र एका मालकाशी बांधलेला असतो. त्यामुळे नोकरी गेल्यावर "उपलब्ध" या शब्दावरच दावा अडकू शकतो. अशा बांधवांनी अर्ज करण्याआधीच इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे.

पहिले काम: तारीख पाहा

नकाराचे पत्र एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजे ईडीडी या खात्याकडून येते. पत्रावर ते टपालात टाकल्याची तारीख छापलेली असते. त्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करायचे. पत्र तुमच्या हातात कधी पडले यावर मोजणी होत नाही. न्यूयॉर्कमध्येही ३० दिवस आहेत, पण टेक्ससमध्ये फक्त १४. म्हणून पत्र उघडल्या उघडल्या छापील तारीख आणि शेवटची तारीख लाल पेनाने लिहून भिंतीवर लावा.

पत्रासोबत अपिलाचा फॉर्म येतो. तो हरवला असेल तर साध्या पत्रानेही अपील करता येते. त्यात नाव, पत्ता, ओळख क्रमांक, कोणत्या तारखेच्या निर्णयाविरुद्ध अपील आहे आणि "मला हा निर्णय मान्य नाही" एवढे आले तरी पुरते. इथे सगळी कहाणी लिहायची गरज नाही. घाईत लिहिलेले चुकीचे वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचले जाते. दुभाषी हवा असेल तर फॉर्ममध्येच "मराठी" असे लिहा. दुभाष्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पाठवल्याची पावती जपून ठेवा.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, कधी कधी एकाच प्रकरणात दोन-तीन वेगवेगळे निर्णय येतात. नोकरी का गेली यावर एक, जास्त दिलेले पैसे परत करा यावर दुसरा. प्रत्येकाचे अपील करावे लागते. एकाचे केले आणि दुसऱ्याचे राहिले तर राहिलेला निर्णय कायम होतो. दुसरी गोष्ट, मुदत टळली असली तरी अपील करा आणि उशिराचे खरे कारण लिहा. दवाखान्यात असणे, पत्र चुकीच्या पत्त्यावर जाणे अशी सबळ कारणे न्यायाधीश विचारात घेऊ शकतात.

अपील चालू असताना दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करा

ही चूक सर्वांत महाग पडते. भत्ता नाकारला म्हणून लोक दर दोन आठवड्यांनी भरायचा फॉर्म भरणे सोडून देतात. मग अपील जिंकल्यावर कळते की मधल्या आठवड्यांचा दावाच केलेला नाही. त्या आठवड्यांचे पैसे मिळवणे फार अवघड जाते. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचे असेच झाले. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण हातात आले ते थोडेच.

म्हणून अपील चालू असेपर्यंत फॉर्म भरत राहा, काम शोधत राहा आणि कुठे अर्ज केला त्याची वही ठेवा. तारीख, कंपनी, कोणते काम, कोणाशी बोललो, काय उत्तर मिळाले. मध्ये दोन दिवसांचे काम मिळाले तर तेही लिहा. मिळकत लपवली तर ती फसवणूक ठरते आणि कॅलिफोर्नियात जास्त घेतलेल्या रकमेवर ३० टक्के दंड बसतो.

निर्णयाचा कागद वाचा: प्रश्न कोणता आहे?

सुनावणीत तुमच्या नोकरीतल्या सगळ्या अन्यायांचा हिशेब होत नाही. तिथे ठरावीक प्रश्नांवरच निर्णय होतो. ते प्रश्न नकाराच्या पत्रात आणि सुनावणीच्या नोटिशीत लिहिलेले असतात. बहुतेक प्रकरणे पुढच्या तीनपैकी एका गटात बसतात.

पहिला गट, मालकाने काढून टाकले. इथे प्रश्न असतो "गैरवर्तन" झाले का. कॅलिफोर्नियात गैरवर्तन म्हणजे नोकरीतले महत्त्वाचे कर्तव्य जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने मोडणे, आणि त्यामुळे मालकाच्या हिताला बाधा येणे. काम जमले नाही, वेग कमी पडला, एखाद्या वेळी हातून चूक झाली, प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला, याला गैरवर्तन म्हणत नाहीत. मालकाचा काढून टाकण्याचा निर्णय योग्य असला तरीही कामगाराला भत्ता मिळू शकतो, कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गैरवर्तन सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

दुसरा गट, तुम्ही स्वतः नोकरी सोडली. इथे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. नोकरी टिकवण्याची खरी इच्छा असलेल्या समंजस माणसानेही त्या परिस्थितीत ती सोडली असती, इतके ठोस कारण होते का? आणि सोडण्याआधी ती वाचवण्याचा प्रयत्न केला का? रजा मागितली, बदली मागितली, लेखी तक्रार केली, असे काही दाखवावे लागते. "सहन झाले नाही म्हणून सोडली" एवढ्यावर भागत नाही.

तिसरा गट, सक्षम आणि उपलब्ध असण्याचा प्रश्न. आजारपण, लहान मूल सांभाळायला कोणी नसणे, गाडी नसणे, परदेशी प्रवास. लग्न किंवा अंत्यविधीसाठी भारतात आलेल्या बांधवांची इथे अडचण होते, कारण त्या आठवड्यांत ते कामासाठी उपलब्ध नव्हते असे धरले जाऊ शकते. त्या आठवड्यांबद्दल खरे तेच सांगा.

ताईंचे प्रकरण पहिल्या गटातले होते. त्यांना मात्र सांगायचे होते सुपरवायझरच्या बोलण्याविषयी, पगारवाढ न मिळाल्याविषयी, दुसऱ्या मुलीला सोपे काम दिल्याविषयी. आम्ही त्यांना म्हटले, "ताई, ते सगळे खरे असेल. पण विचारलेला प्रश्न उशिरा येण्याचा आहे. आधी त्याचे उत्तर तयार करू."

फाइल पाहा

सुनावणी कॅलिफोर्निया बेरोजगारी विमा अपील मंडळाचे प्रशासकीय न्यायाधीश घेतात. हे मंडळ ईडीडीपासून वेगळे आहे. सुनावणीची नोटीस किमान १० दिवस आधी पाठवली जाते. तिच्यावर तारीख, वेळ, पद्धत आणि प्रश्न लिहिलेले असतात. बऱ्याच सुनावण्या फोनवर होतात.

नोटीस आली की अपील कार्यालयाला फोन करून प्रकरणाची फाइल मागा. मालकाने खात्याला काय लिहून दिले आणि खात्याच्या अधिकाऱ्याने फोनवरच्या तुमच्या उत्तरांची काय नोंद केली, हे दोन कागद प्रत्येकाने वाचलेच पाहिजेत. ताईंच्या फाइलमध्ये अधिकाऱ्याने लिहिले होते की कामगाराने सहा वेळा उशीर झाल्याचे कबूल केले. ताईंना आठवत होते की आपण "बस चुकली की उशीर व्हायचा" एवढेच म्हटले होते. हा फरक आधी कळला, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवता आले.

पुरावा कसा गोळा करायचा

जेव्हाचा प्रसंग तेव्हाचाच कागद असेल तर त्याचे वजन जास्त असते. सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्या दिवशी पाठवलेला दोन ओळींचा मेसेज उपयोगी पडतो. पुढच्या गोष्टी शोधा:

- नेमणुकीचे पत्र, नियमांची पुस्तिका, हजेरीचे नियम
- मालकाने दिलेल्या लेखी ताकिदी आणि काढून टाकल्याचे पत्र
- पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीच्या नोंदी
- सुपरवायझरशी झालेले मेसेज आणि ईमेल
- डॉक्टरांचे पत्र, दवाखान्याच्या भेटीची नोंद
- तुम्ही केलेल्या तक्रारींच्या प्रती

मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचे नाव किंवा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मधला एक मेसेज कापून घेऊ नका, आधीचे आणि नंतरचे बोलणेही येऊ द्या. मराठीत मेसेज असतील तर इंग्रजी अर्थ सोबत लिहा. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या. कागद कुठे आणि कसे पाठवायचे हे नोटिशीवर असते. ते सुनावणीच्या आधी पोहोचले पाहिजेत, कारण फोनवरच्या सुनावणीत कागद ऐनवेळी न्यायाधीशांच्या हातात देता येत नाही.

एखादा कागद फक्त मालकाकडेच असेल, जसे हजेरीच्या मशीनची नोंद, तर तो हजर करण्याचा आदेश काढावा अशी विनंती अपील कार्यालयाला करता येते. अशी विनंती नोटीस आल्यावर लगेच करा. आदल्या दिवशी केली तर उपयोग नाही.

साक्षीदार: ज्याने स्वतः पाहिले तो

समाजातल्या प्रतिष्ठित माणसाने "ही मुलगी चांगली आहे" असे पत्र दिले तर त्याचा इथे फार उपयोग नाही. त्या दिवशी तिथे हजर असलेला, स्वतः पाहिलेला आणि ऐकलेला सहकारी हवा. ऐकीव गोष्ट सांगता येते, पण तिचे वजन कमी असते. हाच नियम मालकालाही लागू आहे. मालकाने तुम्हाला कधी न भेटलेला मनुष्यबळ विभागाचा माणूस पाठवला, तर त्याला शांतपणे विचारता येते, "तुम्ही त्या दिवशी तिथे होता का? हे तुम्हाला कोणी सांगितले?"

साक्षीदाराला उत्तरे पाठ करून देऊ नका. काय पाहिले, कधी पाहिले एवढे त्याला आठवू द्या आणि सुनावणीच्या वेळी फोन जवळ ठेवायला सांगा. सहकारी अजून तिथेच नोकरी करत असेल आणि घाबरत असेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

तारखांचे एक पान

आम्ही प्रत्येकाकडून एक काम करून घेतोच. एका पानावर फक्त तारखा आणि घटना लिहायच्या. मत नाही, विशेषण नाही. ताईंच्या पानावर असे होते: नोकरीला लागल्याची तारीख, पहिला उशीर किती मिनिटांचा आणि का, कोणाला मेसेज केला, काय उत्तर आले, पहिली ताकीद केव्हा, शेवटचा दिवस, त्या दिवशी कोण काय म्हणाले.

हे पान लिहिताना ताईंच्याच लक्षात आले की मालक म्हणतो त्या सहा दिवसांपैकी दोन दिवशी त्यांनी आदल्या संध्याकाळी मेसेज करून उशिरा येण्याची परवानगी घेतली होती, आणि सुपरवायझरने "ठीक आहे" असे उत्तर दिले होते. एका दिवशी मुलाला ताप होता आणि कामाची वेळ सुरू होण्याआधी त्यांनी कळवले होते. तो फोन त्यांनी अजून बदलला नव्हता म्हणून सगळे मेसेज सापडले. उरलेल्या तीन दिवशी उशीर झाला हे त्यांनी मान्य केले. आम्हीही तोच सल्ला दिला. जे झाले ते झाले म्हणून सांगा. तीन खऱ्या गोष्टी मान्य करणाऱ्याच्या चौथ्या गोष्टीवर विश्वास बसतो.

सुनावणीच्या दिवशी

शांत खोली, चार्ज केलेला फोन, समोर फाइल, तारखांचे पान, पाणी आणि कोरा कागद. अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला. दिलेल्या वेळी फोन उचलला नाही तर तुमचे अपील निकाली निघू शकते. मग गैरहजेरीचे सबळ कारण देऊन प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज करावा लागतो. तारीख खरोखरच अशक्य असेल तर आधीच कळवून पुढची तारीख मागा.

सुनावणीचे ध्वनिमुद्रण होते. साक्ष देणाऱ्यांकडून खरे बोलण्याची शपथ किंवा प्रतिज्ञा घेतली जाते. बहुतेक प्रश्न न्यायाधीश स्वतः विचारतात, मग दुसऱ्या बाजूला प्रश्न विचारण्याची संधी मिळते. काही गोष्टी पाळा:

- विचारले तेवढ्याचेच उत्तर द्या. आधी हो किंवा नाही, मग कारण.
- आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजे तारीख ठोकून देऊ नका.
- समोरचा खोटे बोलतोय असे वाटले तर मध्ये बोलू नका. कागदावर टिपून ठेवा. तुमची पाळी येते.
- मालकाच्या माणसाला प्रश्न विचारताना भाषण करू नका, छोटा प्रश्न विचारा.
- इंग्रजी येत असले तरी ताणाखाली अडखळत असाल तर दुभाषी घ्या. त्यात कमीपणा नाही. दुभाष्याने चुकीचे सांगितले असे वाटले तर तिथल्या तिथे सांगा.
- तुमचे कागद न्यायाधीशांना मिळाले आहेत का आणि ते नोंदीत घेतले का, हे विचारा.
- शेवटी बोलायला सांगितले तर तीन-चार वाक्यांत तुमचा मुद्दा मांडा.

मालक आलाच नाही तर आपोआप जिंकलो असे समजू नका. तुमची साक्ष तरीही घेतली जाते आणि ती नीट द्यावी लागते.

ताईंची सुनावणी तासाभरापेक्षा कमी चालली. मालकाच्या प्रतिनिधीने ताकिदीचा कागद वाचून दाखवला. न्यायाधीशांनी ताईंना एकेका तारखेबद्दल विचारले. ताईंनी पानावर बोट ठेवून उत्तरे दिली. निकाल नंतर टपालाने आला. परवानगी घेतलेले दिवस वगळता उरलेला उशीर जाणूनबुजून केलेला दिसत नाही, म्हणून गैरवर्तन सिद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ होता. मधल्या काळात त्यांनी दर दोन आठवड्यांनी फॉर्म भरला होता, म्हणून थकलेले पैसेही मिळाले.

सदसद्विवेक, धम्म आणि जात

आपल्या वाचकांना माहीत असावेत असे तीन निवाडे आहेत, आणि तिन्ही बेरोजगारी भत्त्याच्या अपिलातूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

१९६३ च्या शर्बर्ट विरुद्ध वर्नर खटल्यात शनिवार पवित्र मानणाऱ्या एका कापड गिरणी कामगार स्त्रीने शनिवारी काम करायला नकार दिला. दक्षिण कॅरोलिनाने तिला भत्ता नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. १९८१ च्या थॉमस खटल्यात इंडियानातल्या एका कामगाराची बदली रणगाड्यांचे भाग बनवणाऱ्या विभागात झाली. शस्त्रे बनवणे आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून त्याने नोकरी सोडली. त्याच पंथाच्या एका सहकाऱ्याला त्या कामात काही गैर वाटत नव्हते. तरीही न्यायालयाने म्हटले की श्रद्धा प्रामाणिक असेल तर पंथातल्या इतरांचे मत वेगळे आहे म्हणून ती नाकारता येत नाही. सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. शस्त्रांचे किंवा कत्तलीचे काम नाकारणाऱ्या बौद्ध उपासकाला हा निवाडा आधाराचा आहे. मात्र श्रद्धा नोकरी सोडल्यानंतर आठवली असे वाटू नये. आधी लेखी कळवलेले असावे, दुसरे काम मागितलेले असावे.

तिसरा निवाडा मर्यादा दाखवणारा आहे. १९९० च्या स्मिथ खटल्यात धार्मिक विधीत पेयोटी या बंदी असलेल्या पदार्थाचे सेवन केल्यामुळे काढलेल्या दोन कर्मचाऱ्यांना भत्ता नाकारणे न्यायालयाने वैध ठरवले. सर्वांना सारखा लागू होणारा कायदा श्रद्धेच्या नावाने मोडता येत नाही, असा त्याचा रोख आहे.

जातीचे काय? २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या जातभेदविरोधी विधेयकावर राज्यपालांनी सही केली नाही. सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच, असे कारण त्यांनी दिले. जातीवरून होणाऱ्या त्रासामुळे कोणी नोकरी सोडली असेल तर सुनावणीत "जातीयवाद होता" एवढे बोलून चालणार नाही. तिथल्या न्यायाधीशांना आडनाव विचारण्याचा अर्थ कदाचित माहीत नसतो. कोण, कधी, काय म्हणाले, जेवणाच्या टेबलावर काय घडले, कोणते काम काढून घेतले, तुम्ही कोणाकडे लेखी तक्रार केली आणि त्यांनी काय केले, हे तारखेनिशी सांगा. आडनाव आणि आहारावरचे प्रश्न जात ओळखण्यासाठी कसे विचारले जातात, ते दोन साध्या वाक्यांत समजावा.

निकालानंतर

निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील मंडळाकडे दुसरे अपील करता येते. तिथे सहसा नवी साक्ष होत नाही, पहिल्या सुनावणीची नोंद पाहूनच निर्णय होतो. म्हणून "पुढे सांगू" असे म्हणून पहिल्या सुनावणीत काही राखून ठेवू नका. त्यापुढे राज्याच्या सुपीरियर कोर्टात दाद मागता येते, पण तिथे वकील असलेला बरा.

तुम्ही जिंकलात आणि मालकाने अपील केले तर? १९७१ च्या जावा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचीच पद्धत रद्द केली. पात्र ठरलेल्या कामगाराचे पैसे केवळ मालकाने अपील केले म्हणून थांबवता येत नाहीत. मात्र नंतर मालक जिंकला तर पैसे परत मागितले जाऊ शकतात. तशी नोटीस आली आणि तुमची चूक नसेल तर वसुली माफ करण्याची मागणी करता येते.

कार्यकर्त्यांसाठी

कॅलिफोर्नियात सुनावणीत वकीलच लागतो असे नाही, मित्र किंवा कार्यकर्ताही प्रतिनिधी म्हणून बसू शकतो. पण प्रसंग ज्याच्यावर गुदरला त्यालाच उत्तरे द्यावी लागतात. आपण त्याच्या तोंडचे बोलणे हिरावून घेऊ नये. कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठांतली मोफत सल्ला केंद्रे आणि लीगल एड संस्था यांचे नंबर विहारातल्या फलकावर लावा. भारतात बसून मदत करणाऱ्यांनी एवढे केले तरी पुरे: पत्राचा फोटो आला की पहिला प्रश्न तारखेचा विचारा, दुसरा प्रश्न "फॉर्म भरत आहेस ना?" हा विचारा, आणि तारखांचे पान लिहून घ्या. सही मात्र ज्याची त्यानेच करायची. त्याच्या पासवर्डला हात लावू नका.

आपल्याकडे सर्वांसाठी असा बेरोजगारी विमा नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांसाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण किती जणांना ती ठाऊक आहे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. कामगाराचे संरक्षण कायद्यात लिहून ठेवावे लागते, हे त्यांनी त्या खात्यात बसून करून दाखवले. कायद्यात लिहिलेला हक्क वापरण्याचे काम आपले आहे.

ताईंनी निकालाचे पत्र आम्हाला पाठवले तेव्हा खाली लिहिले होते, "दादा, मी हे पत्र आल्या दिवशी फाडून टाकणार होते." तुमच्या घरात, तुमच्या ओळखीत असे पत्र आले असेल तर ते फाडू देऊ नका. त्यावरची तारीख वाचा.

जय भीम!